लाभ, दोन, तीन

जुलै लागला की माझ्या ऑफिसात ओल्या छत्र्यांचा वास भरून राहतो. नसरापूरच्या पेठेतली वरच्या मजल्यावरची खोली ती केवढी, त्यात रिटर्न भरायला आलेली माणसं, त्यांच्या पिशव्या, जिन्यात ठिबकणारं पाणी. खाली वडापचे जीपवाले ‘वेल्हे, वेल्हे’ करून घसा फोडत असतात. आणि टेबलावर माझा कॉम्प्युटर कुणाकडेही न बघता आपलं काम करत असतो. हल्ली त्याला फार सांगावंही लागत नाही. अशिलाचा नंबर घातला, त्याच्या मोबाईलवर आलेले आकडे विचारून टाकले, की ब्रोकरकडचा वर्षभराचा सगळा व्यवहार, काय घेतलं, काय विकलं, कधी, केवढ्याला, आपणहून येतो आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात जाऊन बसतो. कुणी हाक मारायला नको, कुणी वाट दाखवायला नको.

समोरचा अशील तेव्हा फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत असतो. त्याला त्याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या ओळी पडद्यावर सरसर उतरायला लागल्या की माझा चहा हातातच राहतो. आणि ते बटण दाबायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात एक शब्द म्हणते. अशिलांना वाटतं, बाई मंत्र पुटपुटतात. वाटू दे. मंत्र म्हणून ठेवला तर फीबद्दल कुरकुर कमी करतात, असा माझा अनुभव आहे.

तो शब्द मला भोरात मिळाला. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. माझं बी.कॉम. झालं होतं आणि मी भोरला आतारसरांच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. सर करसल्लागार. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला नेहमी दोन पेनं. खाली त्यांच्या वडिलांचं भाताच्या खरेदीचं दुकान होतं, ते त्यांचे भाऊ बघायचे. वर आमचं ऑफिस. त्यामुळे आमच्या आयकराला कायम नव्या तांदळाचा वास यायचा. मागची खिडकी उघडली की पावसाळ्यात नीरा नदीचा आवाज यायचा, इतका की फोनवर बोलताना ती लावून घ्यावी लागे.

जुलै हा आमचा सुगीचा महिना. वेल्ह्याकडे लोक चिखलात वाकून भात लावत असायचे आणि आम्ही इथे वाकून कागद लावत असायचो. रिटर्नची मुदत महिनाअखेरची. त्यात शेअरवाला अशील आला की सर आधी एक दीर्घ श्वास घ्यायचे. कारण शेअर घेतला की दलालाकडून एक कागद येतो, विकला की दुसरा. त्याला कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणतात. हौशी माणसाकडे वर्षभरात त्याचा गठ्ठाच्या गठ्ठा जमतो, आणि तो सगळा एकेक करून आकड्यांत उतरवायचा.

ते उतरवायची आमच्याकडे एक रीत होती. तिला आम्ही ‘वाचन’ म्हणायचो. मी कागद हातात धरून मोठ्याने वाचायचे आणि सर लिहून घ्यायचे. पुढे कॉम्प्युटर आल्यावर टाइप करायचे. तारीख, खरेदी की विक्री, कंपनीचं नाव, किती, काय भावाने. दिवसभर वाचलं की त्याला आपोआप चाल लागायची. खालून सरांचे भाऊ ओरडायचे, “आज आरती लई लांबली गं!”

आणि वाचनाची सुरुवात ‘एक’ने कधीच व्हायची नाही. पहिली नोंद म्हणजे ‘लाभ’. मग दोन, मग तीन.

ही रीत खालच्या दुकानातून जिना चढून वर आली होती. आमच्याकडे भात मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात, आणि पुढची पायली दोन. सरांचे वडील दुकानात गिऱ्हाइकांसमोर ‘लाभ’ म्हणायचे आणि घरातलं धान्य मोजताना ‘बरकत’ म्हणायचे. का, हे मी एकदा सरांना विचारलं. ते म्हणाले, “घरात पाहुणा आला, तर आधी त्याला या म्हणतेस की नंबर विचारतेस?” त्यानंतर मी विचारलं नाही. पण पहिली नोंद घालण्याचा मान त्यांचा. आम्ही कितीही घाईत असलो तरी ते खुर्ची ओढून बसायचे आणि ‘लाभ’ स्वतः लिहायचे.

त्या वर्षी सरांनी रिटर्नचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यासोबत आलेल्या पुस्तिकेत छापलं होतं, की ब्रोकरकडून तयार फाईल मिळाली तर हे सॉफ्टवेअर ती आपोआप वाचून घेतं. सरांनी ते पान मला दाखवलं आणि मिशीत हसले. म्हणाले, “छापायला काय जातंय.” आम्ही त्यात हातानेच टाइप करत राहिलो. आमचं वाचन चालूच होतं.

आणि अशातच एका दुपारी नर्सबाई आल्या.

नर्सबाई म्हणजे पासलीच्या उपकेंद्रात उभी नोकरी काढलेल्या. त्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर घोंगडी पांघरून, कंदील घेऊन, ओढे ओलांडत त्यांनी बाळंतपणं केली. वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला तुम्ही कुणालाही विचारा, ‘तुझं कुणी केलं?’, तर उत्तर ‘नर्सबाईंनी’ हेच येणार. माझंही त्यांनीच केलं. आई सांगायची, मूल पुसून झालं की नर्सबाई त्याची बोटं मोजायच्या, आणि त्याही मोठ्याने: “लाब, दोन, तीन…” दोन्ही हातांची, मग पायांची. मोजणं पुरं होईपर्यंत बाळंतिणीचा जीव थाऱ्यावर नसे. मोजून झालं की बाई म्हणायच्या, “घे, सगळं बरोबर हाय.” मग घर मोकळं हसायचं.

निवृत्तीनंतर बाई शेअरबाजारात घुसल्या. नसरापुरात एका सबब्रोकरने दुकान टाकलं होतं, तिथे पडद्यावर भाव हलताना दिसायचे. बाई त्याच्यापुढे बाकावर बसून राहायच्या. म्हणायच्या, “नाडी हातात धरून बसावं लागतं गं. घाई केली की कवाबी आडतंय.” दहा घ्यायचे, पाच विकायचे, पुन्हा घ्यायचे. आमच्याकडे येणारा सगळ्यात जाड गठ्ठा त्यांचाच असायचा, आणि तो वाचताना माझा घसा बसायचा.

त्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कमरेपर्यंत भिजलेल्या होत्या. “जयभीम, सर.” “जयभीम, बाई. अहो, हे काय!” सरांनी खुर्ची सरकवली. बाईंनी टेबलावर एक पिशवी ठेवली आणि पिशवीने टेबलावर पाणी सोडलं.

“ओड्याला पानी आलंय. एस्टी पल्याडच थांबली,” बाई म्हणाल्या. “म्या चालत आले. पिशवी डोक्याव घेतली व्हती, पन पाय सरकला.”

पिशवीत वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा होत्या. सगळ्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. मी वरचा कागद उचलायला गेले, तर कोपरा माझ्या हातात आला.

सर म्हणाले, “बाई, घाबरू नका. महिनाअखेरीला अजून वेळ आहे. वाळवू, मग बघू.”

“येळ न्हाई, सर.” बाई बसल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “परवा ममईत व्हिसाची मुलाकत हाय. कालच तारीक आली. पुन्याचा एजंट म्हनला, औंदाच्या रिटर्नचा शिक्का मारल्याला कागद पायजेच. त्याबिगर हुबं करत न्हाईत.”

बाईंची लेक अमेरिकेत होती. कॉम्प्युटरचं शिकून नवऱ्याबरोबर तिकडे गेलेली. ऑगस्टात तिचे दिवस भरत होते. हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते बाईंनी मग सांगितलं, टेबलावरच्या पाण्याकडे बघत. “पयलं हातचं गेलं तिचं. सातव्यात. म्या हितं भात लावत व्हते. फोनवर नुसती रडती पोर. आर्ध्या येल्ह्याची बाळतपनं केली म्या, सर, आन माजी पोर तितं परक्या बायांच्या हातात एकटी.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “औंदा मला तितं पायजे. बास.”

सर घड्याळाकडे बघायला लागले. उद्या सकाळी पुण्याला जाऊन शिक्का घेतला तरच त्या मुंबईच्या गाडीत बसणार. म्हणजे रिटर्न आज. आणि संध्याकाळी भारनियमन. वीज गेली की प्रिंटर बंद. कागद कोरडे असते तरी तेवढ्या वेळात वाचन झालं नसतं. आणि इथे तर वाचायलाच काही नव्हतं.

तेव्हा बाईंनी कमरेची चंची सोडावी तशी पदराआडून एक चपटी स्टीलची डबी काढली. ती मी ओळखली. आमच्याकडची सगळी पोरं ती डबी ओळखून होती, कारण इंजेक्शनच्या सुया त्यात उकळायच्या. बाईंनी झाकण उघडलं. आत कापसाच्या थरावर एक निळी फ्लॉपी होती.

“नसरापुरात सबब्रोकरकडं गेले. त्याला म्हनलं, समदं पुन्ना छापून दे. तर म्हनला, छापाय दोन दीस लागत्याल, पन आतारसरांच्याकडं मशीन हाय, ह्यात भरून देतो. ह्यात हाय म्हनं समदं वरीस.” आणि मग सरांकडे बघून: “आसंल का वो?”

मला ती फ्लॉपी उचलायची भीती वाटत होती, हे खरं. एवढ्याशा चौकोनात ती एवढी मोठी पिशवी मावली आहे, हेच मुळात पटेना.

सरांनी पुस्तिका काढली, त्या छापलेल्या पानावर बोट ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो. फ्लॉपीतली फाईल उघडली. खरंच, ओळीमागून ओळी. सॉफ्टवेअरला रकाने त्याच्या क्रमाने हवे होते, ते मी हलवून दिले. सगळ्यात आधी अनुक्रमांकाचा रकाना हवा होता. तिथे सरांनी खुर्ची ओढली, नेहमीसारखा हात पुसला आणि तो रकाना स्वतः भरला. मग बाईंना म्हणाले, “बाई, बघा हं.” आणि बटण दाबलं.

त्या क्षणाबद्दल मी आजवर किती जणांना सांगितलं, आणि कुणालाही ते नीट सांगता आलेलं नाही. पडदा एकदा काळा झाला. फ्लॉपीचा घरघर आवाज आला. आणि मग बाईंचं वर्ष खालून वर चढायला लागलं. एप्रिल गेला, मे गेला, दिवाळी आली नि गेली. मी ज्यासाठी दोन दोन दिवस घसा फोडायचे, ते न बोलता, न अडखळता, कुठेही पाणी प्यायला न थांबता पुढे चाललं होतं. खरेदी खरेदीत, विक्री विक्रीत. कुणीच काही वाचत नव्हतं. खोलीत फक्त नीरेचा आवाज होता. मला एकदम भरून आलं. इतकं मोठं काहीतरी आपल्या भोरात, भाताच्या दुकानाच्या डोक्यावर घडतंय आणि त्याला बघायला आम्ही तिघंच, असं वाटलं.

बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. “आगं बया,” त्या हळूच म्हणाल्या. “सुटली की.”

बाळंतीण सुटली की म्हणतात तसं. मी हसले, पण सर हसले नाहीत. पडदा थांबला होता. खाली एक लाल ओळ आली होती.

एका सिमेंट कंपनीचे शेअर विकल्याची नोंद होती. ते घेतल्याची नोंद कुठेच नव्हती. ‘खरेदी सापडत नाही’, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहून आलं आणि त्यापुढे सॉफ्टवेअर हलेना. हिशेबाचा कागद काढायचं बटण करडं होऊन बसलं. सरांनी पुन्हा फाईल आत घेतली. पुन्हा तीच लाल ओळ.

“म्हंजे म्या न घेतल्यालं इकलं?” बाई ताडकन म्हणाल्या. “सर, एप्रिलात म्या पयले त्येच घेतले. आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिशी. म्या इसरंन व्हय?”

“तुम्हाला कोण म्हणतंय, बाई. यंत्राला दिसत नाही एवढंच.”

“मंग माज्या कागदात बगा.”

कागदाची वीट तशीच पडली होती. बाईंनी ती पुढे ओढली, पिशवीतून चिमटा काढला, तोही जुनाच, आणि दिव्याखाली वाकल्या. मी त्यांचे हात तेव्हा प्रथम नीट बघितले. कागद ओढत नव्हत्या त्या. एका कडेने फुंकर घालत, जरा थांबत, जरा सोडवत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. कान देऊन ऐकलं तर “ये, बाय, ये” असं. तुटलेला कोपरा सोडला तर वरचा कागद अख्खा निघाला. फुटलेल्या शाईत सिमेंट कंपनीचं नाव वाचता येत होतं. वर्षातली पहिली खरेदी. बाई म्हणत होत्या तीच.

“पहिली,” सर म्हणाले. मग थांबले. मग त्यांनी पटकन ती फाईल उघडली आणि वरपर्यंत गेले. पहिल्या ओळीत खरेदी होती. आणि त्या ओळीपुढे, अनुक्रमांकाच्या रकान्यात, सरांनी घातलेला शब्द होता. इंग्रजी अक्षरांत, स्वच्छ: लाभ. खाली दोन. खाली तीन.

यंत्राला तिथे आकडा हवा होता. शब्द दिसला, तेव्हा त्याने ती ओळ म्हणजे रकान्यांचं शीर्षक समजून मुकाट्याने बाजूला ठेवली होती. त्याची काही चूक नव्हती. त्याला कधी कुणी भात मोजायला बसवलं नव्हतं.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मी हसू दाबत होते. सरांनी तो शब्द खोडला आणि त्यांचं बोट एकच्या बटणावर जाऊन थांबलं. खाली जाईना. बाहेर उजेड कमी होत होता, वीज कधीही गेली असती, आणि आमचे सर बोट हवेत धरून बसले होते.

“बाई,” ते म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते, “आमच्या घरात पहिल्याला एक कुणी म्हटलेलं नाही हो. आणि तुमच्या या कामाला तर मला नकोच वाटतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाळंतपणाच्या वेळी दाराशी अडून बसलेल्या बाप्यांशी ज्या आवाजात त्या बोलायच्या म्हणे, तोच आवाज त्यांनी लावला. “सर. तोंडानं लाब म्हना आन बोटानं एक दाबा. त्या मशीनला ऐकू येतंय व्हय?”

सर मोठ्याने म्हणाले, “लाभ.” आणि एक दाबला.

पुन्हा घरघर. पुन्हा बाईंचं वर्ष वर चढलं. या वेळी लाल काही आलं नाही. सगळ्या ओळी आपापल्या जागी बसल्या, आणि ते करडं बटण उजळलं. प्रिंटर कर्कश आवाज करत कागद बाहेर टाकू लागला. शेवटचा कागद फाडून घेतला आणि थोड्याच वेळात वीज गेली. अंधारल्या खोलीत बाई तो कागद छातीशी धरून बसल्या होत्या. मग बाई म्हणाल्या, “सलाम, सर,” आणि सर म्हणाले, “जयभीम, बाई.” हा त्यांचा नेहमीचा निरोप होता, पण त्या दिवशी मला तो वेगळा ऐकू आला.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्यांच्याबरोबर पुण्याला गेले. शिक्का मिळाला. व्हिसाही मिळाला.

आमचं वाचन त्या जुलैत बंद पडलं. खालून भाऊ विचारायचे, “काय गं, आरती बंद झाली का?” मला चुकल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण खंत अशी वाटली नाही. बटण दाबलं की मी दर वेळी पडद्याकडे बघत बसायचे. कुठला कोण माणूस कुठेतरी शहरात बसून असा विचार करतो, की या ओळी आपापल्या चालत जाव्यात, आणि त्या पासलीच्या बाईसाठीही चालतात. ज्याने केलं त्याला बाई ठाऊक नाही, ओढा ठाऊक नाही. याचं नवल करायचं नाही तर कशाचं करायचं?

ऑगस्टच्या शेवटाला पावसाची उघडीप होती. सकाळी ऑफिस झाडत होते, तर फोन वाजला. लांबचा आवाज, मध्ये खरखर. मी धावत जाऊन नीरेची खिडकी लावून घेतली.

“पोरी, म्या बोलती. नर्सबाई. नात झाली.”

“बाई! दोघी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या हायती. लेकीचा हात सोडला न्हाई म्या. रातभर न्हाई सोडला.” आवाज जरा फुटला, मग सावरला. “आन आईक. बाळ माज्या हातात दिलं. तितली नर्स शेजारी हुबी. गोरी, उच्चीपुरी. म्या बोटं मोजाय घेतली. लाब म्हनलं, तर ती हसून म्हनती, वन. म्या मान हलवली. न्हाई म्हनलं, बाय. लाब. पुन्ना बाळाचं बोट धरलं.”

“मग?”

“मंग ती बी वाकली. आन म्हनली, लाब. माज्यासंगं समदी मोजली तिनं. लेक बगत व्हती, आन तिचं डोळं…” पुढचं ऐकू आलं नाही. मग एकदम स्वच्छ: “समदं बरोबर हाय, पोरी.”

फोन तुटला. मी सरांना सांगायला वळले, पण ते दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं होतं, आणि खिशातल्या दोन पेनांशी उगाचच काहीतरी करत होते. मी रिसीव्हर हातातच धरून राहिले. माझी बोटं त्याच्याभोवती होती. चिखलातल्या एका पहाटे तीही कुणीतरी एकेक करून मोजली होती, आणि पहिल्याला लाभ म्हटलं होतं.